घटनेआधीचा गृहपाठ

2 फेब्रुवारी 1990 रोजी केप टाउनच्या संसदेत राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क भाषणाला उभे राहिले. त्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची तीस वर्षांची बंदी उठवली. कम्युनिस्ट पक्षावरची तर त्याहून जुनी होती, तीही उठली. नऊ दिवसांनी नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर बाहेर आले आणि जगभरच्या टीव्हीवर तो चालत येणारा उंच माणूस दिसला. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं?

जरा विचार करून बघा. निवडणूक घ्यायची, तर मतदार कोण? देशातल्या बहुसंख्य लोकांची नावं कुठल्याही राष्ट्रीय मतदार यादीत नाहीत. मतदारसंघ कुठले? नकाशा वर्णभेदाने फाडलेला. काळ्या लोकांसाठी आखलेले दहा ‘स्वदेश’, त्यातल्या चारांना स्वतंत्र राष्ट्रांचा मुखवटा. कायदा कुठला? ज्या संसदेने अन्याय कायद्यात लिहिला, तिचाच. न्यायाधीश जुने, फौज जुनी, तिजोरीच्या किल्ल्या जुन्या हातांत. आणि नवं राज्य उभारू म्हणणारी माणसं नुकतीच तुरुंगातून, भूमिगत आयुष्यातून किंवा लुसाका, लंडन, डब्लिनहून परतलेली. घोषणा द्यायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण घोषणेचं कलम करायचं, कलमाला पोटकलम जोडायचं आणि पोटकलमात पळवाट राहू द्यायची नाही, हे काम कोणी करायचं?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग केप टाउनच्या बेलव्हिल उपनगरातल्या एका विद्यापीठात सापडतो. तेही अशा विद्यापीठात, जे मुळात वर्णभेद टिकवण्यासाठीच काढलं होतं!

वेस्टर्न केप विद्यापीठाचा जन्म 1959 च्या कायद्यातून झाला. गोऱ्यांच्या विद्यापीठांत इतरांना प्रवेश नको, म्हणून सरकारने प्रत्येक वंशगटासाठी वेगळं कॉलेज काढायचं ठरवलं. हे मिश्रवंशीयांसाठी. 1960 मध्ये ते सुरू झालं तेव्हा विद्यार्थी दोनशेसुद्धा नव्हते. शहराबाहेरच्या झुडपांत वसलेलं म्हणून लोक त्याला ‘बुश कॉलेज’ म्हणत. इथून सरकारी खात्यांना आज्ञाधारक कारकून आणि शाळांना आज्ञाधारक मास्तर मिळावेत, एवढीच अपेक्षा होती. निघालं काय? संपांवर संप करणारे विद्यार्थी! 1982 मध्ये तर विद्यापीठाने आपल्या ध्येयपत्रकातच लिहून टाकलं की ज्या राजकीय विचाराच्या पायावर आमची स्थापना झाली, तो आम्हाला मान्य नाही. एखाद्या संस्थेने स्वतःच्या जन्माचं कारणच नाकारण्याचा असा ठराव मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

1987 मध्ये जेक्स गेरवेल कुलगुरू झाले. त्यांनी उघड सांगितलं की देशातल्या इतर विद्यापीठांना आपापले राजकीय आश्रयदाते आहेत, तर हे विद्यापीठ डाव्या विचाराचं बौद्धिक घर असेल. तेव्हा देशात आणीबाणी होती. विद्यापीठाचा खर्च सरकारी अनुदानातून चालत होता. आणि तिथेच सरकार उलथल्यावर काय करायचं याचा अभ्यास सुरू होत होता.

1990 मध्ये या विद्यापीठात ‘कम्युनिटी लॉ सेंटर’ उघडलं. पहिले संचालक दुल्ला ओमर. केप टाउनमध्ये वाढलेले, भारतातून आलेल्या कुटुंबातले वकील. रॉबेन बेटावरच्या कैद्यांचे खटले चालवणारे. मंडेलांच्या तुरुंगातल्या शेवटच्या काळात त्यांची बाजू बाहेर मांडणारे. सरकारच्या एका गुप्त पथकाने त्यांना मारायचा बेत रचला होता, हे पुढच्या चौकशांत उघड झालं. ओमर यांना हृदयविकार होता. त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जागी विषारी गोळ्या ठेवायच्या, म्हणजे मरण नैसर्गिक वाटेल, असा तो बेत. तो फसला. या माणसाने संशोधन केंद्र चालवायला घेतलं.

त्यांच्या भोवती जमलेली मंडळी बघा. कादर अस्मल, सत्तावीस वर्षं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकवून परतलेले. आल्बी सॅक्स, 1988 मध्ये मापुटोत गाडीखाली ठेवलेल्या बॉम्बने उजवा हात आणि एका डोळ्याची दृष्टी नेलेले. झोला स्क्वेयिया, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या घटनाविषयक समितीचे प्रमुख. ब्रिजिट माबांडला, स्त्रिया आणि मुलांच्या हक्कांवर काम करणाऱ्या. परदेशातून आलेली ही घटनाविषयक समिती आणि विद्यापीठातलं हे नवं केंद्र यांची माणसं इतकी एकमेकांत मिसळली होती की पक्ष कुठे संपतो आणि प्राध्यापकी कुठे सुरू होते, हे सांगणं अवघड व्हावं. तटस्थतेच्या आजच्या कसोटीवर ते केंद्र कदाचित नापास होईल. मला विचाराल तर त्यांनी त्यात लपवाछपवी केली नाही, हे मी जास्त मानतो.

आणि हा गृहपाठ 1990 मध्ये सुरू झालेला नव्हता! काँग्रेसचे अध्यक्ष ऑलिव्हर टांबो यांनी घटनाविषयक समिती नेमली ती 1986 मध्ये, लुसाकात. त्या क्षणी सत्तापालटाची चिन्हं कुठेच नव्हती. 1988 मध्ये अस्मल यांच्या डब्लिनच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अस्मल आणि सॅक्स यांनी नव्या देशाच्या हक्कांच्या सनदेचा पहिला कच्चा मसुदा लिहिला. बंदी घातलेल्या पक्षाचे दोन परागंदा प्राध्यापक, ज्या देशात पाऊल ठेवता येत नाही त्या देशाचे मूलभूत हक्क लिहीत होते. 1990 मध्ये समितीने हक्कांच्या सनदेचा कार्यमसुदा चर्चेसाठी बाहेर काढला, तो प्रकाशित केला याच विद्यापीठातल्या विकास अभ्यास केंद्राने.

असं केंद्र करतं तरी काय? बाहेरून पाहिलं तर अगदी कंटाळवाणं काम: परिषदा, टिपणं, मसुदे, पुन्हा परिषदा. निवडणूक पद्धतीवर एक, संविधान न्यायालयावर एक, प्रांतांच्या अधिकारांवर एक, मागे ठेवलेल्यांना पुढे आणण्याच्या धोरणावर एक. पण आत शिरलं की एकेका प्रश्नाच्या पोटात काय दडलंय ते दिसतं. निवडणूक पद्धतीचंच घ्या.

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. दक्षिण आफ्रिकेतही गोऱ्यांच्या निवडणुकांत हीच पद्धत होती. तिने काय केलं माहीत आहे? 1948 मध्ये युनायटेड पार्टीला एकूण मतांपैकी निम्म्याच्या आसपास मतं मिळाली, विरोधी आघाडीला त्याहून बरीच कमी. तरीही जागा जास्त मिळाल्या आघाडीला, 79 विरुद्ध 65, कारण ग्रामीण मतदारसंघांचं वजन जास्त होतं. त्या आघाडीचं नेतृत्व नॅशनल पार्टीकडे होतं आणि तिच्या घोषणेचं नाव होतं ‘अपार्टहाइट’. म्हणजे गोऱ्या मतदारांतसुद्धा कमी मतं मिळवून वर्णभेदाचं सरकार आलं आणि 46 वर्षं राहिलं.

आता 1990 नंतरच्या वाटाघाटींत काँग्रेसला कुठली पद्धत सोयीची? तीच जुनी! देशभर पाठिंबा, बहुतेक मतदारसंघ खिशात. तरीही अस्मल यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची बाजू लावून धरली: पक्षाला देशभर जितके टक्के मतं, तितके टक्के जागा. ज्या पक्षाचं यात नुकसान, त्याच पक्षाने ते स्वीकारलं. का? कारण सगळ्यांत लहान, सगळ्यांत घाबरलेल्या गटालाही संसदेत खुर्ची मिळाली, तर तो बंदुकीकडे जाण्याआधी दोनदा विचार करेल. शिवाय मतदारसंघ आखायचेच नाहीत, तर फाडलेल्या नकाशावर भांडायचंही कारण उरत नाही. आणि मतदार यादी? तीही लागली नाही. 1994 ची निवडणूक मतदार यादीशिवायच झाली! ओळख दाखवा, बोटाला शाई लावा, मत द्या.

निकालात गणित स्वच्छ दिसलं. काँग्रेसला 62.65 टक्के मतं, 400 पैकी 252 जागा. एका छोट्या ख्रिश्चन पक्षाला 0.45 टक्के मतं, म्हणजे टक्क्याचा निम्मा भागसुद्धा नाही. त्यालाही दोन जागा!

हक्कांच्या सनदेची गोष्ट याहून नाजूक. काँग्रेसमध्येच अनेकांना ती नको होती. गोऱ्यांनी जमिनी बळकावल्या, आता मालमत्तेचा हक्क घटनेत घालून त्या कायमच्या त्यांच्याच ठेवायच्या का, हा त्यांचा सवाल होता आणि तो काही वेडगळ नव्हता. दुसऱ्या बाजूला नॅशनल पार्टीला गटांचे हक्क हवे होते: गोऱ्यांचा गट म्हणून नकाराधिकार. सॅक्स आणि मंडळींनी यातून वाट काढली ती अशी, की संरक्षण गटाला नको, माणसाला द्या. भाषा, धर्म, मत, देह, घर यांचे हक्क प्रत्येकाला दिले, तर कुठल्याही गटाच्या माणसाला वेगळ्या तटबंदीची गरज उरत नाही. आणि त्या हक्कांत फक्त बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य नको. निवारा, आरोग्य, अन्न, पाणी, शिक्षणही हवं.

इथे आपला देश या गोष्टीत येतो. भारतीय घटनेने अशी बहुतेक सामाजिक वचनं चौथ्या भागात, मार्गदर्शक तत्त्वांत ठेवली; ती राज्यकारभाराला पायाभूत आहेत, पण त्यांच्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. आयर्लंडनेही तसंच केलं होतं. दक्षिण आफ्रिकेत हा पर्याय टेबलावर होता आणि त्यावर खडाजंगी झाली. अखेर त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. घर आणि आरोग्य थेट हक्कांच्या सनदेत. सरकारने उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने, वाजवी उपाय करायचे, आणि उपाय वाजवी आहेत का हे न्यायालय तपासणार. अंतिम घटनेच्या वेळी हक्कांच्या प्रकरणावर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांत सँड्रा लीबेनबर्ग होत्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

हे सगळं शांतपणे, चहापाण्यासह चाललं होतं असं वाटत असेल तर थांबा. मे 1992 मध्ये बहुपक्षीय वाटाघाटी फिसकटल्या. जूनमध्ये बोइपाटाँग वस्तीत हत्याकांड झालं. 10 एप्रिल 1993 ला लोकप्रिय नेते ख्रिस हानी यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घातल्या. 25 जूनला तर गोऱ्या अतिरेक्यांनी चिलखती गाडी घालून केम्प्टन पार्कच्या ज्या इमारतीत वाटाघाटी चालल्या होत्या, तिचा काचेचा दर्शनी भागच फोडला. प्रतिनिधी खोल्यांत दडून बसले. आणि तज्ज्ञांच्या समित्या? त्यांचे अहवाल येतच राहिले, एकामागून एक.

सगळ्यांत मोठी गाठ वेगळीच होती. घटना कोणी लिहायची? काँग्रेस म्हणे, निवडून आलेल्या सभेने. नाहीतर ती लोकांची कशी? जुने सत्ताधारी म्हणत, निवडणुकीआधीच लिहा. निवडून आल्यावर तुम्ही आम्हाला विचाराल कशाला? दोघांचं म्हणणं रास्त, दोन्ही एकत्र शक्य नाही.

तोडगा काय निघाला? आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून यादी करतात. मानपान काय, खर्च कोणाचा, सगळं कागदावर, खाली दोन्हीकडच्या सह्या. लग्न मग थाटात होतं, पण कुरबुर झाली की कोणीतरी यादी काढतो. अगदी तेच! 1993 मध्ये सगळ्यांनी मिळून हंगामी घटना केली आणि तिच्या शेवटी 34 तत्त्वांची यादी जोडली. अंतिम घटना निवडून आलेलीच सभा लिहील, पण ती या 34 तत्त्वांत बसायला हवी. बसते की नाही, हे कोण ठरवणार? नवं संविधान न्यायालय.

म्हणजे घटना घटनेत बसते का, हे न्यायालयाने सांगायचं! एखाद्या देशाने आपली घटना मंजुरीसाठी कोर्टाच्या टेबलावर ठेवल्याचं जगात आधीचं उदाहरण नव्हतं. हा तोडगा कुठल्या एका केंद्राचा किंवा एका पक्षाचा नव्हे. कित्येक विद्यापीठांतल्या, अनेक बाजूंच्या कायदेपंडितांची डोकी त्यात होती. पण ज्या पक्षाला निवडणूक जिंकायची खात्री होती, त्याने स्वतःच्या हातात आधीच दोरी बांधून घ्यायला तयार व्हावं, यामागे बेलव्हिलसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं झालेला विचार होता.

8 मे 1996 ला घटना सभेने अंतिम मसुदा मंजूर केला: बाजूने 421, विरुद्ध 2, तटस्थ 10. एवढ्या बहुमतानंतर कोर्ट काय करणार असं वाटतं ना? 6 सप्टेंबरला कोर्टाने सांगितलं, नापास. प्रांतांचे अधिकार हंगामी घटनेपेक्षा कमी झालेत, हक्कांच्या प्रकरणात बदल करणं फार सोपं ठेवलंय, लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं स्वातंत्र्य पुरेसं राखलेलं नाही, स्थानिक शासनाचं प्रकरण अपुरं आहे. आणि मंडेलांच्या पक्षाचं बहुमत असलेल्या घटना सभेने, मंडेलांनीच नेमलेल्या न्यायाधीशांचं हे म्हणणं ऐकलं आणि मसुदा दुरुस्त केला. 4 डिसेंबरला कोर्टाने होकार दिला. 10 डिसेंबरला मंडेलांनी शार्पव्हिलला सही केली. 1960 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसं मेली, ते शार्पव्हिल.

सगळाच गृहपाठ कामाला आला असं मात्र नाही. अर्थव्यवस्थेवरही एक मोठा अभ्यासगट बसला होता. व्हेला पिल्ले यांच्या समन्वयाखाली देशी-परदेशी अर्थतज्ज्ञांनी तयार केलेला त्याचा जाडजूड अहवाल 1993 च्या अखेरीस याच विद्यापीठाच्या विकास अभ्यास केंद्रामार्फत बाहेर आला. सरकारी गुंतवणुकीवर भर देणारा. काँग्रेसने तो जवळजवळ बाजूलाच सारला. 1996 चं आर्थिक धोरण अगदी वेगळ्या दिशेने गेलं. घटनेच्या कलमांवर प्राध्यापकांचं ऐकणाऱ्या पक्षाने पैशांच्या बाबतीत का ऐकलं नाही, यावर तिथे अजून वाद चालतात. मला त्यात एवढं दिसतं की कलम लिहायला कागद पुरतो. पैशाच्या धोरणाला कर्ज देणारे, गुंतवणूक काढून घेणारे, सगळेच प्रेक्षक असतात.

1994 मध्ये केंद्राच्या खोल्या भराभर रिकाम्या झाल्या. ओमर न्यायमंत्री झाले. ज्यांना विष द्यायचं ठरलं होतं, त्यांनीच 1995 मध्ये सत्य आणि समेट आयोगाचा कायदा आणला, ज्यात खरं सांगणाऱ्या गुन्हेगाराला माफी मिळू शकत होती! अस्मल जलमंत्री, स्क्वेयिया प्रशासन मंत्री, सॅक्स संविधान न्यायालयाचे न्यायाधीश, कुलगुरू गेरवेल मंडेलांच्या कार्यालयाचे महासंचालक. पुढे माबांडलाही उपमंत्री झाल्या आणि नंतर न्यायमंत्री.

आता सांगा, अशा केंद्राचं पुढे काय व्हावं? माणसं गेली, काम झालं, आपलं सरकार आलं. नेहमीचा शेवट म्हणजे कुलूप, किंवा मग सरकारी अहवाल लिहिणारी शाखा.

हे केंद्र राहिलं, आणि सरकारसमोर कोर्टात उभं राहिलं.

मे 1999 मध्ये केप टाउनच्या कडेला, वॉलेसडीनजवळ, एका मोकळ्या जमिनीवर झोपड्या घातलेल्या लोकांना हुसकावण्यात आलं. झोपड्यांवर बुलडोझर फिरला, सामान जळालं. पावसाळी थंडी तोंडावर. 390 प्रौढ आणि 510 मुलं खेळाच्या मैदानात, प्लास्टिकखाली. आयरीन ग्रूटबूम आणि इतरांनी दाद मागितली. उच्च न्यायालयाने मुलांच्या हक्कावरून निवारा दिला. मग ज्यांना मुलं नाहीत त्यांचं काय? प्रकरण संविधान न्यायालयात आल्यावर मानवी हक्क आयोगासोबत कम्युनिटी लॉ सेंटर न्यायमित्र म्हणून, म्हणजे पक्षकार नसताना न्यायालयाला मदत करायला, उतरलं. केंद्रात सामाजिक-आर्थिक हक्कांचा प्रकल्प उभा करणाऱ्या कोण होत्या? त्याच सँड्रा लीबेनबर्ग. त्यांचं म्हणणं: घराचं कलम फक्त मुलांसाठी नाही, प्रत्येकासाठी आहे.

4 ऑक्टोबर 2000 च्या निकालात न्यायालयाने हे मान्य केलं. सरकारचा गृहनिर्माण कार्यक्रम मोठा असेल, पण आज रात्री ज्यांच्या डोक्यावर काहीच नाही, त्यांची सोय त्यात नसेल तर तो वाजवी नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती झॅक याकूब यांनी; बाळपणीच दृष्टी गेलेले, आणि 1993 मध्ये मूलभूत हक्कांचा मसुदा करणाऱ्या तज्ज्ञ समितीत बसलेले. प्रत्येकाला किमान इतकं तरी मिळालंच पाहिजे अशी रेषा न्यायालयाने आखावी, ही केंद्राची दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत हा निकाल शिकवला जातो. ग्रूटबूम बाई 2008 मध्ये वारल्या तेव्हा त्यांना पक्कं घर मिळालेलं नव्हतं.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापीन हे औषध होतं. उत्पादक ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होते. सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच ठिकाणांपुरतं ठेवलं. रुग्णांच्या संघटनेने खटला भरला आणि केंद्र पुन्हा न्यायमित्र म्हणून हजर झालं. 5 जुलै 2002 ला न्यायालयाने आदेश दिला: निर्बंध काढा, औषध द्या.

त्या दिवशी कोण कुठे होतं ते पाहा. निकाल देणाऱ्यांत आल्बी सॅक्स. ज्या सरकारच्या विरोधात निकाल लागला, त्याच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री कादर अस्मल, समाजविकास मंत्री झोला स्क्वेयिया आणि वाहतूक मंत्री, केंद्राचे पहिले संचालक, दुल्ला ओमर. ओमर 2004 मध्ये मंत्रिपदावर असतानाच वारले. 2015 मध्ये केंद्राने आपलं नाव बदललं. आता ते ‘दुल्ला ओमर इन्स्टिट्यूट’ आहे.